वोनायानच्या बापाचा अधिक महिना

तैपेई
१२ ऑगस्ट १९९६

आमा,

तुम्ही आणि इना बरे असाल. मी बरी आहे. मागाताओही बरा आहे. ट्रक चालवून चालवून त्याची पाठ धरली आहे, पण बायकोपुढे कण्हायला मिळतं म्हणून स्वारी खूश असते.

एक काम काढलं आहे. दुकानातल्या फोनवरही बोलले असते, पण तिथे आपण बोलायचं आणि अख्ख्या गावाने हुंकार द्यायचा असा प्रकार असतो. तर ऐका. आमच्या छापखान्यात सध्या पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांची धांदल आहे. बँकांची, देवळांची, टायरवाल्यांची. परवा कापून उरलेल्या कागदाचा ढीग बघून मालक म्हणाले, "वोनायान, हे सगळं रद्दीत जाणार. तुला काही छापायचं असलं तर छाप." मला एकदम सुचलं, आपल्या बेटाचं कॅलेंडर! देवळाच्या कॅलेंडरात चिनी सण असतात, सरकारी कॅलेंडरात सरकारी सुट्ट्या असतात. आपले महिने कुठल्याच भिंतीवर नाहीत. बारा वर्षं मी दुसऱ्यांचे दिवस छापते आहे, एकदा आपले छापू.

तेव्हा मला एवढंच कळवा. पुढच्या वर्षी उडत्या माशांना बोलावण्याचा दिवस कुठला? खडकातले मासे कधीपासून बंद, कधी सुरू? सुकवलेल्या माशांतले उरलेले टाकून द्यायचा दिवस कुठला? बारा महिने, बारा ओळी, बस्स. आपल्या होडीवरून माशांना बोलावणारे तुम्ही. माझ्या बापालाच नाही ठाऊक तर कुणाला असणार? सप्टेंबर संपायच्या आत मजकूर मशिनवर चढायला हवा.

तुमची
वोनायान


टपालवाल्याच्या मते २ सप्टेंबर
माझ्या मते पौर्णिमा होऊन पाचवा दिवस

वोनायान,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग तुझ्या इनाने एकदा वाचलं. वादळ आपल्या बाजूने न जाता उत्तरेकडून गेलं. अळूची खाचरं शाबूत आहेत. डुकरिणीला सात पिल्लं झाली, त्यांतलं एक लंगडं आहे.

आता तुझ्या कॅलेंडराचं. पोरी, माशांना बोलावण्याचा दिवस काही ठरलेला नसतो. तो भांडून ठरतो. तू लहान होतीस आणि बायकांना त्या दिवशी किनाऱ्यावर यायची बंदी, म्हणून तुला हे दिसलं नसेल. दर वर्षी आम्ही म्हातारे त्या स्यापेन तागाहानच्या मचाणावर बसतो, सुपाऱ्या चघळतो आणि एकमेकांची अक्कल काढतो. तो म्हणतो वारा फिरला, मी म्हणतो तुझं डोकं फिरलं. कुणी म्हणतं पांगाऱ्याला कळी आहे, कुणी म्हणतं ती कळी नव्हे, किडीची गाठ आहे. गेल्या खेपेला सात दिवस भांडलो. शेवटी पांगारा फुलला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

काही वर्षं बारा चंद्रांची असतात, काही तेराची. तेराचं असलं की मध्ये एक अधिक महिना घालावा लागतो. नाही घातला तर आपण इकडे हाका मारत बसतो आणि मासे तिकडे दक्षिणेला असतात. पुढचं वर्ष बाराचं की तेराचं? मला माहीत नाही. मी अडाणी म्हातारा. माझी होडी गळकी आणि नजर त्याहून गळकी. मला काय विचारतेस?

तुझा आमा
स्यामान वोनायान

ता.क. मी इना. तुला रताळी आणि सुकवलेले मासे पाठवते म्हटलं तर फोनवर "वास नको" म्हणालीस. कधीपासून वास यायला लागला तुला?


तैपेई
२० ऑक्टोबर १९९६

आमा,

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की मागाताओ आंघोळ सोडून बाहेर आला. "मला माहीत नाही, मी अडाणी, माझी होडी गळकी!" अहो, मी तैपेईत राहते म्हणून आपली रीत विसरले असं वाटलं का तुम्हाला? आपल्याकडे ज्याची होडी सगळ्यांत देखणी तोच म्हणतो की हे लाकूड चुलीत घालायच्या लायकीचं आहे. ज्याच्या दोरीवर शंभर मासे वाळतात तो म्हणतो, आज काही मिळालं नाही बुवा. बढाई मारली की भुतं ऐकतात, हे मी तुमच्याच मांडीवर बसून शिकले. तेव्हा तुम्ही "माहीत नाही" म्हणालात, तिथेच मला कळलं की तुम्हाला पक्कं माहीत आहे. वर्ष तेराचं असतं तर तुम्ही आडून आडून तसं सुचवलंच असतं. सुचवलं नाहीत, म्हणजे बाराचं.

मग मी या वर्षीच्या दिवसापासून बारा चंद्र मोजले. मागाताओने बोटांवर मोजून खात्री केली. बोलावण्याचा दिवस १३ फेब्रुवारी आला. दीडशे प्रती छापल्या. वर निळ्या रंगात आपली होडी आहे आणि खाली बारीक अक्षरांत ओळ आहे, 'सांगणार: स्यामान वोनायान'. माझं नाव वेगळं घातलं नाही. तुमच्या नावात माझं आलंच की.

गठ्ठा जहाजाने येतो आहे. चर्चला, दवाखान्याला, दुकानाला आणि घरटी एकेक द्या. कसं झालं ते नक्की कळवा.

वोनायान


टपालवाल्याच्या मते २५ नोव्हेंबर
आज पौर्णिमा, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत आहे

वोनायान,

गठ्ठा पोचला. जहाजात एका कोपऱ्याला पाणी लागलं होतं, पण वीसेकच प्रती भिजल्या. त्या इनाने वाळत घातल्या.

कॅलेंडर फार वाईट झालं आहे. कागद जाड आहे. होडी बरी नाही. एकूण असल्या भिकार वस्तूसाठी तू एवढे कष्ट कशाला घेतलेस, असं मी लोकांना सांगतो.

चर्चमध्ये लागलं आहे, दवाखान्यात लागलं आहे. दुकानदाराने तराजूच्या मागे लावलं, आणि डुकरांच्या गोठ्यातही कुणीतरी लावलं आहे, कुणी ते मी सांगणार नाही. तरुण पोरं खूश आहेत. म्हणतात, आता कामावरची सुट्टी आधीच मागता येईल. स्यापेन तागाहान दुकानात मोठ्याने म्हणाला, "वा! आता मासे वोनायानच्या बापाला तारीख विचारून निघणार तर!" सगळे हसले. मीही हसलो.

तू जन्मलीस त्या दिवशी माझं आधीचं नाव संपलं. तेव्हापासून गाव मला स्यामान वोनायान म्हणतं, वोनायानचा बाप. तेवढंच नाव मला आहे. ते छापलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ बघत होतो.

स्यामान वोनायान

ता.क. मी इना. तुझ्या वेळी मीपण असंच म्हणायचे, वास नको, वास नको. मी काही विचारत नाही.


तैपेई
१५ जानेवारी १९९७

आमा, इना,

इना विचारत नाही म्हणते आणि दोन्ही पत्रांत विचारते. हो, आहे. डॉक्टरीणबाईंनी छापील कॅलेंडरावर बोट ठेवून सांगितलं, १२ एप्रिल. इतके दिवस मुद्दाम बोलले नाही. आधीच गाजावाजा नको होता. दोघांनीही तोंड बंद ठेवा, विशेषतः इना.

आता आमांना विचारायचं आहे. कॅलेंडर "फार वाईट" आहे असं तुम्ही लिहिलंत. आधी मी सुखावले. आपल्यातलं वाईट म्हणजे चांगलं. पण नंतर रात्रपाळीला मशिनशी उभी असताना डोक्यात किडा वळवळला. खरोखरच वाईट असतं तर तुम्ही कसं लिहिलं असतंत? तेही 'फार वाईट' असंच ना? मग मला कळावं कसं? तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. "मीही हसलो" असं लिहिलं आहे. तुम्ही तर स्यापेन तागाहानच्या बोलण्यावर कधीच हसत नाही.

माझं डोकं चालेनासं झालं आहे. काही चुकलं असेल तर एका ओळीत सरळ लिहा, आपली रीत बाजूला ठेवून. मी चर्चला फोन करून सगळी कॅलेंडरं उतरवायला लावते.

वोनायान


टपालवाल्याच्या मते ५ फेब्रुवारी
चंद्र जवळजवळ संपला आहे

वोनायान,

तुझी बातमी कळली. आम्ही दोघं काही बोललो नाही. इना मात्र सकाळपासून विनाकारण अंगण झाडते आहे.

कॅलेंडर ठीक आहे. उतरवू नको. छापल्याप्रमाणे १३ तारखेला बोलावणार आहोत. माझी चांदीची टोपी घासून ठेवली आहे. तू जड काही उचलू नको.

स्यामान वोनायान


८ मार्च, असं तुझं कॅलेंडर म्हणतं

वोनायान,

हे पत्र मी एकटीच लिहिते आहे. आमांना कळू देऊ नको.

१३ तारखेला आमा किनाऱ्यावर गेले. त्यांची दहा जणांची होडी आणि तरुण पोरांच्या दोन होड्या. स्यापेन तागाहान आणि त्याची माणसं आलीच नाहीत, मचाणावर पाठ करून बसली. मी अळूच्या खाचरातून बघत होते. कोंबडं कापलं, रक्त बोटाने किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांना लावलं, आमांनी टोपी काढून समुद्राकडे हलवली आणि हाक मारली. आवाज चांगला लागला होता.

मासे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, दहाव्या दिवशी नाहीत. एकदा बोलावलं की खडकातले मासे बंद, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांनी बोलावलं त्यांच्या घरी तेवीस दिवस नुसती रताळी आणि अळूचे कंद. ज्यांनी बोलावलं नाही ते समोर बसून पोपटमासा उकडून खातात. पोरं चिडली. म्हणायला लागली, "वोनायानच्या बापाने फसवलं." शेजारीण माझ्या तोंडावर म्हणाली, "वोनायानने तिकडे बसून आम्हाला उपाशी मारलं." तुझं नाव आणि त्यांचं नाव एकच, त्यामुळे शिव्याही एकत्रच मिळतात, वेगळ्या काढता येत नाहीत.

आता खरं दुखणं सांगते. होडीतली माणसं म्हणतात, यापुढे बोलावणारा दुसरा नेमू. ज्याची हाक माशांनी ऐकली नाही त्याच्या हाकेवर आम्ही बसणार नाही. आमांच्या वडलांपासून ती हाक या घरात आहे. तुझे आमा किनाऱ्यावर जायचे बंद झाले आहेत. दिवसभर घरामागे जाळं दुरुस्त करतात. जाळ्याला एकही भोक नाही.

आणि पोरी, त्यांना माहीत होतं. बोलावण्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, पांगाऱ्याला कळीसुद्धा नाही, वाराही अजून उत्तरेचा आहे." ते म्हणाले, "छापलंय." एवढंच. मी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "पोरीने छापलंय."

तू रडू नको, पोटातलं पोर ऐकतं.

इना


तैपेई
१७ मार्च १९९७

आमा,

इनाने मला काही लिहिलेलं नाही. पण मला सगळं कळलं आहे.

का केलंत असं? मी तुम्हाला विचारलं होतं. एका ओळीत लिहा म्हटलं होतं. "चूक आहे" एवढे दोन शब्द! तुम्ही काय लिहिलंत? जड उचलू नको. आमा, मला इतका राग आला आहे की काय लिहू कळत नाही, आणि राग तुमच्यावर आहे की माझ्यावर तेही कळत नाही. मी तुमचं 'माहीत नाही' वाचून तुम्हाला ओळखलं म्हणून मिरवत होते. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी त्याला रीत समजले. पण मग तुम्हीही रीत म्हणून 'ठीक आहे' लिहिलंत का? आपण दोघं एकाच बेटाचे, एकाच घरातले, आणि आपल्याला एकमेकांचं साधं 'नाही' वाचता येऊ नये?

मी चर्चला पत्र लिहिते आहे, सगळ्यांपुढे वाचून दाखवा म्हणून. चूक माझी, मी मोजलं, मी छापलं. आमांनी तारीख सांगितलीच नव्हती. तुमची हाक जाता कामा नये. मी हाक घालवली असं आयुष्यभर माझ्या डोक्यावर राहील, ते मला सोसणार नाही.

पोट इतकं मोठं झालं आहे की मशिनपाशी तिरकं उभं राहावं लागतं.

वोनायान


टपालवाल्याच्या मते ६ एप्रिल
महिना कुठला ते खाली लिहिलं आहे

वोनायान,

इनाने तुला काही लिहिलं नाही, हे मी तिला वाचून दाखवलं. ती चुलीकडे तोंड करून बसली आहे. तुझं चर्चचं पत्र आलं. ते वाचायची वेळ आली नाही, मी फादरकडून मागून घेतलं. आधी काय झालं ते ऐक.

इनाने पत्र लिहिलं त्याच्या दोन-तीन दिवसांनी स्यापेन तागाहान माझ्या घरामागे आला. मी जाळं हातातच ठेवलं. तो म्हणाला, "भांडायला आलोय."

मी म्हटलं, "भांड. हरलोच आहे मी."

"तेच तर! हरायला आधी भांडायला लागतं. या वर्षी तू आलास का मचाणावर? आम्ही सुपाऱ्या फोडून बसलो होतो. कुणी आलं नाही. सगळे त्या भिंतीवरच्या कागदाकडे बघत होते."

"तूही आला नाहीस माझ्याकडे."

"मी का येऊ? म्हटलं, हा कागद छापून मोठा झालाय, आता माझ्याशी कशाला बोलेल. रुसलो होतो मी." मग तो बसला, माझ्याच पिशवीतली सुपारी घेतली आणि म्हणाला, "तारीख तुझ्या पोरीने चुकवली हे खरं नाही. दर वर्षी आपल्यातले निम्मे चुकतातच. दुसरे निम्मे त्यांना गप्प करतात. या वर्षी गप्प करायला कुणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सगळे मचाणावर जमलो. खूप भांडलो. माझ्या होडीतला एक जण म्हणाला, याची हाक फुकट गेली आहे, आता दुसरा नेमा. तेव्हा स्यापेन तागाहान म्हणाला, "कुठली हाक? गेला महिना अधिक होता. अधिक महिना कुणाचा नसतो. त्यात जे केलं ते कुणी केलेलंच नसतं. याने अजून बोलावलेलंच नाही." एक जण म्हणाला, असा नियम आम्ही कधी ऐकला नाही. तो म्हणाला, "तू अजून लहान आहेस." ऐकणारा अडुसष्ट वर्षांचा आहे.

असा नियम खरंच आहे की त्याने तिथल्या तिथे रचला, मला माहीत नाही. हे 'माहीत नाही' खरंखुरं आहे.

तोवर पांगारा लाल झालेला होता. मी पुन्हा टोपी घासली. हाक मारताना आवाज फाटला, पहिल्या वेळेसारखा लागला नाही. चौथ्या दिवशी मासे आले. इतके की पाण्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. होडीत उड्या मारून येत होते. मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. पोरांना वाटलं पाय मुडपला.

आता तू विचारलं आहेस, का केलंत. मी रोज त्याचा विचार करतो. पोरी, तू चुकलीस असं लिहायचं तर सही कुठल्या नावाने करू? माझ्याकडे दुसरं नाव नाही. हे एक कारण. पण त्या दिवशी किनाऱ्यावर उभा राहिलो तेव्हा मला खरंच वाटलं, येतीलही. एवढ्या जाड कागदावर छापलं आहे, तू छापलं आहेस, समुद्र एखादे वेळी ऐकेलही. मला माहीत होतं असं इना म्हणते. माहीत होतं आणि नव्हतंही. मी तुला सांभाळत होतो की मलाच छापलेलं आवडलं होतं? याचा उलगडा होत नाही. तुला झाला तर कळव.

तुझ्या १२ तारखेला सहा दिवस राहिले. काळजी घे.

स्यामान वोनायान


तैपेई
३० एप्रिल १९९७

आमा,

१२ तारीख आली आणि गेली. मागाताओने रजा घेतली, ती बसून संपवली आणि पुन्हा ट्रकवर गेला. डॉक्टरीणबाई रोज कॅलेंडराकडे बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जणू मीच काही लपवते आहे. मी म्हटलं, "बाई, अधिक महिना असेल." त्या हसल्या नाहीत.

२७ तारखेला, पंधरा दिवस उशिरा, मुलगी झाली. तीन किलो चारशे. आल्याआल्या अशी ओरडली की मला तुमची हाक आठवली. मी पुष्कळ रडले, कशासाठी ते विचारू नका.

तुम्ही विचारलेल्याचा उलगडा मलाही झालेला नाही. पण तुमचं पत्र हातात घेऊन झोपते आहे. माझं पत्र आधीच पोचून चर्चमध्ये वाचलं गेलं असतं तर तुमची हाक वाचली असती आणि स्यापेन तागाहान उठून आला नसता. म्हणजे ते वाचायची वेळ आली नाही हेच बरं झालं.

मालक पुढच्या वर्षीही कागद देतो म्हणाले. मी म्हटलं, तारखा नकोत. नुसते चंद्र छापू, आणि तेरावं पान सुटं ठेवू, त्याला एक भोक पाडून. भांडण संपलं की ज्याने त्याने आपल्या हाताने ते मध्ये अडकवावं. नाही लागलं तर चुलीला उपयोगी पडेल. आणि खाली कुणाचंच नाव नको.

आता नाव पाठवा. तुमच्याकडून नाव येईपर्यंत ती नुसतीच बाळ आहे, मी आता वोनायान नाही आणि कुणाची आईही नाही, आणि मागाताओ फॉर्मवर सही करताना थबकतो. पत्राखाली काय लिहू ते कळत नाही, म्हणून काहीच लिहीत नाही.


टपालवाल्याच्या मते १४ मे
माशांचा तिसरा चंद्र, आठ दिवसांचा

पोरी,

परवा पहाटे झऱ्यावर गेलो. पाणी भरलं आणि नाव सांगितलं. लिमाय. माझ्या आजीचं होतं. ती चौऱ्याण्णव वर्षं जगली आणि एकदाही कुणाचं ऐकलं नाही. टपालवाला पाण्याची बाटली घेईना, गळेल म्हणतो. म्हणून सोया सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरून मागाताओच्या चुलतभावाबरोबर पाठवलं आहे. तो शनिवारच्या जहाजाने निघेल. थोडं तिच्या टाळूवर लावा. वास आला तर बाटलीचा आहे, झऱ्याचा नाही.

आता तू सिनान लिमाय, लिमायची आई. मी आणि इना दोघंही स्यापेन लिमाय, लिमायचे आजी-आजोबा. काल स्यापेन तागाहानने रस्त्यावरून हाक मारली, "स्यापेन लिमाय!" मी मागे वळून बघितलं, गावात कोण नवीन आलं आहे म्हणून. तो इतका हसला की त्याची सुपारी पडली.

कॅलेंडराखाली जो स्यामान वोनायान छापला आहे, तो माणूस आता या गावात राहत नाही. कुणाला त्याच्याशी भांडायचं असलं तरी सापडणार नाही. पोरांनीसुद्धा ते नाव टाकलं. चुकूनही कुणी त्या नावाने शिवी देत नाही. मला बरं वाटायला हवं. पण एकतीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी तुझं नाव घेऊन मला हाक मारायचं. तू तैपेईला गेलीस तरी ते नाव रोज अंगणात असायचं. परवापासून ते कुणी घेत नाही. लिमाय चांगली आहे, मी तिला बघितलेलंही नाही आणि तिचं नाव मला लागलं आहे. तरी सकाळपासून काहीतरी कुठेतरी ठेवून विसरलो आहे असं वाटतं आणि मी घरामागे जाऊन शोधतो.

मासे अजून येताहेत. तुझ्यासाठी दोरीभर वेगळे सुकवले आहेत. आता वास चालेल ना?

एक काम कर. पाकिटावर पत्ता लिहिताना माझं जुनंच नाव घाल. टपालवाला विसराळू आहे, त्याला नवीन नाव अजून पाठ झालेलं नाही. उगाच पत्र गहाळ व्हायला नको.

तुझा आमा
स्यापेन लिमाय

ता.क. मी इना. टपालवाल्याला नवीन नाव परवाच पाठ झालं आहे, यांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तरी तू जुनंच घाल.